पाक ऊ गुहा
लाओसमधील चुनखडकाच्या प्रसिद्ध बौद्ध गुहा. लूआंग प्राबांग या शहराच्या उत्तरेस सु. २५ किमी.वर, मेकाँग व ऊ या नद्यांच्या संगमासमोरील उभ्या कड्यात त्या आहेत. ‘पाक ऊ’ म्हणजे ऊ नदीचे मुख. थाम तिंग ही खालची व थाम थुंग ही वरची, अशा येथे दोन मुख्य गुहा असून त्यांत मिळून बुद्धाच्या चार हजारांवर मूर्ती आहेत.

कार्बन डाय-ऑक्साइडयुक्त पावसाच्या पाण्यात चुनखडक विरघळून या गुहा निर्माण झाल्या. अजिंठा, कार्ले येथील लेणी माणसाने बेसाल्ट खडकात कोरली आहेत. येथे मात्र निसर्गानेच घडविलेल्या पोकळीत माणसाने केवळ देवस्थान मांडले. खालची गुहा उघडी व प्रकाशमान असून नदीवरून पायऱ्यांनी तीत जाता येते. वरची खोल व अंधारी असल्याने तेथे दिव्याच्या उजेडातच मूर्ती पाहाव्या लागतात.

बौद्ध धर्माच्या प्रसारापूर्वी येथे नदीच्या व डोंगराच्या ‘फी’ नामक आत्म्यांची पूजा होत असे. लान सांगचा राजा फोतिसारात (कार. १५२०–४८) याने १५२७ मध्ये या पूजेवर बंदी घातली. त्याचा पुत्र सेट्ठाथिरात (कार. १५४८–७१) याच्या काळापासून या गुहांना राजाश्रय लाभला, अशी परंपरा आहे. तथापि बंदीने जुनी श्रद्धा नाहीशी झाली नाही; ती नव्या धर्माच्या आश्रयाने टिकून राहिली. आजच्या मूर्तींपैकी बहुसंख्य अठराव्या ते विसाव्या शतकांतील आहेत. त्या मुख्यतः लाकडी असून त्यांवर लाखेचा व सोन्याच्या वर्खाचा थर दिलेला आढळतो. ध्यान व भूमिस्पर्श या मुद्रांबरोबरच दोन्ही हात शरीरालगत खाली सोडलेली, पर्जन्याचे आवाहन करणारी उभी मूर्ती हे लाओ शिल्पाचे खास वैशिष्ट्य होय.

मूर्तींच्या संख्यावाढीचे एक कारण धार्मिक आहे. बुद्धमूर्ती भंगली वा जीर्ण झाली, तरी ती नष्ट करू नये, असा संकेत असल्याने विहारांतील अशा मूर्ती येथे आणून ठेवीत. त्यामुळे एका अर्थी ही गुहा मूर्तींचे विश्रामस्थानच ठरली. फ्रेंच मेकाँग मोहिमेतील (१८६६–६८) चित्रकार लुई दलापोर्त याने या गुहेचे चित्र रेखाटले असून त्यामुळे ती यूरोपीय वाचकांना परिचित झाली.

एप्रिलमधील लाओ नववर्षाला राजा परिवारासह नावेने येऊन मूर्तींना स्नान घालीत असे. १९७५ मध्ये राजसत्ता संपुष्टात आली व ही राजयात्रा थांबली. परंतु सामान्य भाविकांनी मूर्तिस्नानाची प्रथा चालू ठेवली आहे. राजाश्रय गेला, तरी लोकाश्रय उरला, हे येथील इतिहासाचे सार होय.

वाळवी, दमट हवा, मेणबत्त्यांची काजळी व चोरी यांमुळे मूर्तींची हानी झाली. १९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या साहाय्याने संरक्षणाचे काम करण्यात आले. लूआंग प्राबांग शहराचा जागतिक वारसा यादीत १९९५ मध्ये समावेश झाल्यानंतर पर्यटकांची संख्या वाढली. शहराच्या वरच्या अंगास मेकाँगवर १,४६० मेगॅवॉट क्षमतेचा जलविद्युत् प्रकल्प हाती घेण्यात आला असून नदीच्या प्रवाहावरील त्याच्या परिणामांविषयी चिंता व्यक्त झाली आहे. या गुहांचे माहात्म्य मुळात नदीशी निगडित असल्याने त्यांचे रक्षण म्हणजे केवळ मूर्तींचे रक्षण नव्हे.