संथपणाची मालकी

इटलीतील काही छोट्या नगरांनी १९९९ मध्ये ‘चित्तास्लो’ हे संघटन स्थापन केले. त्याआधी १९८६ मध्ये, रोममधील मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहाला झालेल्या विरोधातून ‘स्लो फूड’ चळवळीला बळ मिळाले होते. ५० हजारांहून कमी वस्तीच्या गावाने आपला वेग आपण ठरवायचा, हा चित्तास्लोचा गाभा. आपल्याकडेही ‘संथ जगण्या’ची ओढ वाढते आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील मनोरच्या परिसरात शनिवार-रविवारी रिसॉर्टवर उतरणारा मुंबईकर तेच शोधत येतो. भाताची खाचरे, ताडाची झाडे, भिंतीवरचे वारली चित्र यांत त्याला जुना निवांतपणा दिसतो. मला प्रश्न पडतो तो इतिहासाचा : हा निवांतपणा इथल्या माणसाच्या मालकीचा कधी होता?

वारल्यांचे वर्ष पावसाच्या मागे चालते. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात पेरणी-लावणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग तारप्याचा नाच. ही लय खरी. पण तिच्यावर हुकमत दुसऱ्याची होती. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्यावर कुळाने आधी मालकाच्या शेतावर वेठ भरायची, स्वतःचे खाचर नंतर. लग्नासाठी कर्ज काढणारा ‘लग्नगडी’ होऊन बायकोसह मालकाकडे वर्षानुवर्षे राबे. भात पिकण्याच्या हंगामातच व्यापाऱ्यांचे गवतही कापावे लागे.

मनोरहून महामार्गाने उत्तरेला गेले की तलासरीचा भाग लागतो. तेथील झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभेने ही सभा बोलावली होती. वेठ करायची नाही आणि रोज १२ आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर राबायचे नाही, असे ठरले. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. ५०० पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात ५ जण मारले गेले. जेठ्या गांगड त्यांतला एक.

हा लढा मजुरीचा म्हणून सांगितला जातो. मला तो वेळेचाही वाटतो. वेठ नाकारणे म्हणजे, माझा दिवस कोणत्या कामाला जाईल हे मी ठरवीन, असे म्हणणेच होते. चित्तास्लोच्या अर्धशतक आधी, कोणतेही नाव न देता, ही मागणी इथे झाली आणि तिच्यासाठी माणसे मेली.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने देशभर बंद झाली. तरी आजही दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातली अनेक आदिवासी कुटुंबे ‘उचल’ घेऊन वीटभट्टीवर जातात. उचल फिटेपर्यंत पुढचे महिने त्यांचे नसतात. रिसॉर्टमध्ये पाहुण्याला संथ सकाळ मिळते, ती पहाटे उठून पाळीवर आलेल्या कुणाच्या तरी कष्टातून.

म्हणून छोट्या गावातील संथ जगण्याची चर्चा करताना, तिथे वेळ किती हळू जातो हे पाहणे पुरेसे नाही. तो वेळ कोणाचा आहे, हे आधी विचारले पाहिजे.