रेशनचं निळं रॉकेल डिझेलच्या टाकीत कसं जायचं? शहापूर-मुरबाडच्या पाड्यांपासून मनमाडच्या हत्याकांडापर्यंतची गोष्ट

तेलाची तस्करी म्हटलं की वाळवंट, बंदूकधारी टोळ्या आणि रात्रीचे टँकर डोळ्यासमोर येतात. महाराष्ट्रात मात्र ही तस्करी अनेक वर्षं रेशन दुकानाच्या मागच्या दाराने चालली. माल होता रॉकेल, आणि तो गरिबाच्या कार्डावर यायचा.

ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके घाटाच्या पायथ्याला आहेत. शहापुरातून मुंबई-आग्रा महामार्ग कसारा घाट चढतो, मुरबाडमधून जाणारा रस्ता माळशेज घाट. भातसा आणि तानसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यातच, पण आजूबाजूच्या कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी पाड्यांवर वीज कधी यायची, कधी नाही. तिथे रॉकेल म्हणजे चिमणी आणि कंदील. पावसाळ्यात ओली लाकडं पेटवायची तरी तेच लागायचं.

ठाणे आणि कल्याणसारख्या शहरांत रेशनचा कारभार शिधावाटप नियंत्रकाकडे. त्याच जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, म्हणजे शहापूर-मुरबाडमध्ये, तो जिल्हा पुरवठा अधिकारी आणि तहसीलच्या पुरवठा शाखेकडे. तेल कंपनीच्या डेपोतून निघालेलं रॉकेल आधी घाऊक विक्रेत्याकडे, मग अर्धघाऊककडे आणि शेवटी गावातल्या किरकोळ परवानाधारकाकडे यायचं. साखळीची कडी जितकी लांब, तितकी गळतीची भोकं जास्त.

चोरी कुठे व्हायची?

बहुतेक वेळा कागदावर. महिन्याचा कोटा आला, वाटला, संपला, असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात टँकर गावापर्यंत पोहोचायच्या आधीच रिकामा झालेला असायचा, किंवा अर्धा माल उतरवून पुढे निघून जायचा. मेलेल्या, गाव सोडून गेलेल्या किंवा कधी नसलेल्याच माणसांच्या नावाची कार्डं या हिशेबात कामाला यायची. पाड्यावरून काही किलोमीटर चालत कॅन घेऊन आलेल्या बाईला उत्तर ठरलेलं: "या महिन्यात कोटा कमी आलाय." तिने तक्रार करायची तर तहसील कार्यालयात, म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवून आणि एसटीचं भाडं भरून.

हा प्रकार किती मोठा होता? नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्च या संस्थेने 2005 मध्ये देशभराचा अंदाज काढला. रेशनच्या रॉकेलपैकी सुमारे 38 टक्के माल कार्डधारकापर्यंत न जाता दुसरीकडेच वळत होता.

एका टँकरचं गणित

रॉकेल आणि डिझेल ही तशी जवळची भावंडं. डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळलं तर इंजिन लगेच बंद पडत नाही, म्हणून गिऱ्हाइकाला कळत नाही. नुकसान हळूहळू होतं. रॉकेलला डिझेलइतका वंगणाचा गुण नसल्याने इंधन पंप झिजतो.

2011 च्या सुरुवातीला रेशनचं रॉकेल लिटरला 12-13 रुपयांच्या आसपास होतं आणि डिझेल 40 रुपयांच्या वर. लिटरमागे 27-28 रुपयांचा फरक. 12 हजार लिटरचा एक टँकर वळवला की सव्वातीन लाख रुपयांच्या आसपास सुटायचे. त्यातून दुकानदार, टँकरचालक, पंपवाला, पुरवठा शाखेतला बाबू आणि पोलीस अशा सगळ्यांचे हप्ते काढूनही भरपूर उरायचं. दुकानदाराचं अधिकृत कमिशन तुटपुंजं होतं, त्यामुळे प्रामाणिक राहणं हाच त्याला तोट्याचा धंदा वाटायचा.

सरकारने उपाय केले नाहीत असं नाही. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. भेसळवाल्यांनी तो विशिष्ट मातीतून गाळून काढला. ऑक्टोबर 2006 पासून रॉकेलमध्ये भेसळ ओळखू येईल असं रसायन टाकायला सुरुवात झाली. त्याचाही उपयोग होईना, तेव्हा दोन-सव्वादोन वर्षांत ती योजना गुंडाळली गेली. फरक 27 रुपयांचा असेल तर रंग काढायचा खर्च कुणीही करेल.

25 जानेवारी 2011

कसारा घाट चढून पुढे गेलं की नाशिक जिल्हा, आणि त्याच जिल्ह्यात मनमाड. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीतून निघालेली सुमारे 250 किलोमीटरची पाइपलाइन सह्याद्री ओलांडून मनमाडजवळ पानेवाडीला पोहोचते. तिथल्या डेपोंमधून राज्याच्या मोठ्या भागात टँकर जातात. टँकर असतात तिथे ढाबे असतात, आणि काही ढाब्यांच्या मागे टँकरमधलं तेल काढून घेण्याचा धंदा चालायचा.

मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या दिवशी पानेवाडीच्या बाजूने जात होते. एका ढाब्याजवळ टँकरमधून तेल काढलं जात असल्याचं त्यांना दिसलं. ते थांबले आणि मोबाइलवर चित्रण सुरू केलं. थोड्या वेळात तिथे जमलेल्या लोकांनी त्यांना मारहाण केली आणि अंगावर तेल ओतून पेटवून दिलं. दिवसाढवळ्या, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, सोनवणे यांचा जागीच मृत्यू झाला. मुख्य संशयितही भाजला होता. तो काही दिवसांनी मुंबईत रुग्णालयात मरण पावला.

राज्य हादरलं. 27 जानेवारीला सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं, राज्यभर सुमारे 200 ठिकाणी छापे पडले, पुढे तपास सीबीआयकडे गेला. पण इतके अड्डे दोन दिवसांत सापडू शकत होते, तर आधी का सापडले नाहीत, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. त्याआधी नोव्हेंबर 2005 मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांची हत्या झाली होती. त्यांनी भेसळ करणारा पंप बंद केला होता.

लिबियातही हेच, फक्त बंदुका जास्त

सोनवणे यांच्या हत्येनंतर तीन आठवड्यांत लिबियात गद्दाफीविरोधात उठाव झाला आणि देश यादवीत सापडला. तिथे पेट्रोल लिटरला 0.15 दिनार, म्हणजे दोन-तीन रुपयांत मिळतं. लिबियात कच्चं तेल अमाप आहे, पण रिफायनऱ्या पुरेशा नाहीत. त्यामुळे पेट्रोल-डिझेल जागतिक भावाने आयात होतं, सरकार ते अनुदानात विकतं, आणि सशस्त्र टोळ्या ते जमिनीवरून ट्युनिशियात आणि समुद्रातून माल्टाच्या दिशेने पळवतात. संयुक्त राष्ट्रांनी या तस्करीत गुंतलेल्या काही म्होरक्यांवर 2018 मध्ये निर्बंध घातले. मुरबाडच्या दुकानातला कॅन आणि लिबियातलं जहाज, दोन्हीकडे एकाच वस्तूला दोन भाव होते आणि मधला फरक खिशात घालणारे लोक सत्तेच्या जवळ होते.

मग हे थांबलं कसं?

छाप्यांनी कमी, दराने जास्त. जुलै 2016 पासून रेशनच्या रॉकेलचा दर आधी दरमहा आणि नंतर दर पंधरवड्याला 25 पैशांनी वाढवत नेला गेला आणि 2020 पर्यंत अनुदान संपलं. उज्ज्वला योजनेत गॅस घरोघर गेला आणि गॅसजोडणी असलेल्या कार्डावरचं रॉकेल बंद झालं. भेसळवाल्याचा नफा गेला, तसा पाड्यावरचा कंदीलही. सिलिंडर मिळाला, पण तो पुन्हा भरायचे पैसे एकरकमी लागतात. रॉकेल अर्धा लिटर घेता यायचं, गॅस तसा घेता येत नाही. त्यामुळे दुर्गम पाड्यांवर लाकूड पुन्हा चुलीत आलं, या वेळी ते पेटवायला रॉकेल नसताना.

धंदाही पूर्ण संपलेला नाही. आता 'बायोडिझेल'च्या नावाखाली औद्योगिक तेलं आणि सॉल्व्हंट महामार्गांवर ट्रकमध्ये भरली जातात, आणि मधून मधून राज्यात त्यावर छापे पडतात. रॉकेल गेलं तरी डिझेलवरच्या करामुळे भावातला फरक राहिलाच.

पंपावर शंका आली तर ग्राहकाला तपासणी मागण्याचा हक्क आहे. पेट्रोलसाठी फिल्टर पेपर मागावा: थेंब उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. डिझेलला ही चाचणी लागू पडत नाही. तिथे हायड्रोमीटरने घनता मोजायला सांगावी आणि पंपावरच्या त्या दिवशीच्या नोंदीशी ताडून पाहावी. दोन्हींत घनमीटरमागे 3 किलोपेक्षा जास्त फरक आला, तर तिथल्याच तक्रारवहीत नोंद करता येते.