परक्याच्या नाकाने आपलं ताट

आज हप्त्याचा, व्याजाचा, कर्जप्रकरणाचा विषय नाही. आज खाण्याबद्दल बोलायचं आहे, पण कृती सांगणार नाही. माणूस परक्या मुलखात गेला की तिथल्या जेवणाला काय म्हणतो, आणि त्यावरून तिथल्या माणसांना काय ठरवतो, त्याचा हा जुना हिशोब आहे.

विषय निघाला तो पोरींमुळे. आपल्या कॉलेजच्या पोरी मोबाईलवर कोरियाच्या मालिका बघतात. त्यात ताटात सारखी किमची. एका गटाच्या बैठकीत पोरीने ती काय असते ते सांगितलं: लांबट पानकोबी मिठात घालायची, तिला लाल तिखट, लसूण, आलं, मुळा आणि बहुतेक वेळा मासळीचा खार चोळायचा, आणि मडक्यात दाबून आंबू द्यायची. एक मावशी लगेच म्हणाल्या, "म्हणजे नासकी भाजी!" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण कोरियात राहायला गेलेल्या परदेशी लोकांचंही सुरुवातीला असंच होतं. काहीजण नाकाला रुमाल लावतात, आणि त्यातल्याच काहींना दोन वर्षांनी किमचीशिवाय घास उतरत नाही. उलट कोरियन माणूस बाहेर गेला की त्याला तिच्यावाचून करमत नाही. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या कोरियन सैनिकांसाठी डबाबंद किमची पाठवावी लागली. २००८ मध्ये यी सो-येऑन ही कोरियाची पहिली अंतराळवीर वर गेली, तेव्हा शास्त्रज्ञांनी खास जंतू मारलेली आणि वास कमी केलेली किमची तयार करून दिली. आपल्या शेंद्र्याला ह्योसंग या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. तेव्हा ही माणसं आता फार लांबची राहिलेली नाहीत.

आता उलटं बघू. आपल्याकडे जे परके आले, ते आपल्या ताटाला काय म्हणाले?

सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू भारतभर फिरला. तो महाराष्ट्रातही आला होता. इथली माणसं मानी, उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी, असं त्याने लिहिलं. डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णनही केलं, आणि ते आपल्या अजिंठ्याचंच असावं असं अभ्यासक मानतात. याच ह्युएन त्संगने भारतातल्या खाण्याबद्दल लिहून ठेवलंय की कांदा-लसूण थोडेच लोक खातात, आणि जो खाईल त्याला गावाच्या भिंतीबाहेर घालवतात. गावकुसाबाहेर! हा शब्द ऐकून आपल्यापैकी काहीजणींना जे आठवतं, तेच मला आठवलं. त्याच्यानंतर काही वर्षांनी यिजिंग आला. तो नालंदाला बरीच वर्षं राहिला. त्याला इथलं एक फार आवडलं: चीनमध्ये भाज्या आणि मासे कच्चे खातात, इथे मात्र भाजी नीट शिजवून, हिंग-तूप घालून खातात. कांद्याचं तोही सांगतो, की इथले लोक खात नाहीत, मी मात्र मोह होऊन कधीकधी खाल्ला. मला हा माणूस त्या एका वाक्यामुळे जवळचा वाटतो.

पण हे दोघं राहिले कुठे? विहारात, विद्वानांत, राजाच्या दरबारात. कुणबिणीच्या चुलीपाशी कुणी बसलं नाही. कांदा ज्यांच्या भाकरीवर होता, त्यांना विचारलंच गेलं नाही. मग पुस्तकात "भारतातले लोक कांदा खात नाहीत" असं लागलं, आणि तेच पुढे तेराशे वर्षं वाचलं गेलं.

पुढचा माणूस गोव्याचा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं, तिथल्या आपल्या आंब्याच्या झाडाचं त्याला कोण कौतुक. त्याने इथल्या औषधी, फळं, मसाले यांवर मोठं पुस्तक लिहिलं, ते १५६३ मध्ये गोव्यातच छापलं. त्यात हिंगाबद्दल तो सरळ सांगतो की माझ्या नाकाला जगात याच्याइतका वाईट वास दुसरा नाही. पण लगेच पुढे हेही लिहितो की हिंग घातलेली भाजी खाल्ली, तेव्हा ती वाईट लागली नाही. वास आणि चव या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. पुष्कळांना हे जमत नाही.

ह्या ओर्ताची पुढची गोष्ट जेवणाच्या गप्पांत सांगितली जात नाही, पण ती इथेच सांगायला हवी. त्याचं घराणं मूळचं ज्यू होतं, जबरदस्तीने ख्रिस्ती झालेलं. गोव्यात धार्मिक न्यायालय आलं. ते माणसाच्या मनात कोणता धर्म आहे ते कसं ओळखायचं? स्वयंपाकघरावरून. डुकराचं मांस टाळता का, शनिवारी चूल पेटते का, उपास कधी करता. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारीनाला, जाळण्यात आलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून तीही जाळली. हीच नजर पुढे आपल्या माणसांवर फिरली. १७३६ च्या हुकूमनाम्यात मनाई केलेल्या गोष्टींच्या लांबलचक यादीत एक कलम भाताचं आहे: हिंदू शिजवतात तसा मीठ न घालता भात शिजवू नये. एवढं मोठं सरकार आणि ते भातातलं मीठ चाखत होतं!

म्हणून जेवणाला नाक मुरडणं ही साधी गंमत आहे असं मी समजत नाही.

आता मात्र खरी गंमत, आणि तीही रायगडावरची. १६७४ च्या मे-जूनमध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईचे इंग्रज आपला वकील हेन्री ऑक्झिंडेन याला घेऊन गडावर आले. त्या मुक्कामाची हकिगत जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टरने आपल्या पुस्तकात दिली आहे. तो लिहितो की इथल्या लोकांचं सगळ्यात आवडतं खाणं म्हणजे खिचडी, डाळ-तांदूळ एकत्र करून लोण्यात शिजवलेली. इंग्रजांना रोज खिचडी पुरेना. मांसाची सवय! त्यांनी तसा निरोप पाठवला. मग गडावरच्या मोजक्या मुसलमानांना मांस पुरवणारा खाटीक होता, त्याला हुकूम झाला. तो रोज अर्धा बोकड पोचवायला लागला. धंदा इतका चालला की त्या म्हाताऱ्या खाटकाला उत्सुकता वाटली, असे कोण खाणारे आलेत बाबा? आणि तो वय झालेलं असूनही गड चढून त्यांना फक्त बघायला आला. कित्येक वर्षांत विकलं नव्हतं एवढं मांस या लोकांनी काही दिवसांत संपवलं होतं.

फ्रायरला वाटलं आपण इथल्या लोकांचं खाणं बघतोय. खरं म्हणजे खाटीक त्यांचं खाणं बघायला आला होता! या खाटकाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं. आणि फ्रायर जे म्हणतो की इथले हिंदू मांस खातच नाहीत, ते मला पटत नाही. मावळातला शिपाई, कोळी, धनगर काय खातो हे त्याने बघितलं नसणार. पुन्हा तेच, पाहुण्याला जे ताट दिसतं त्यावरून तो सगळं गाव ठरवतो.

आता मिरचीकडे येते, कारण त्याशिवाय सिल्लोडची बाई बोलणं संपवू शकत नाही. आपला तालुका हिरव्या मिरचीचा. शिवन्याला, आमठाण्याला हंगामात मिरचीच्या गाड्या भरताना आपण बघतो. तोडणीने बोटं भाजतात, रात्री लेकराला जवळ घेता येत नाही, ते आपल्याला माहीत. पण ही मिरची आपली मूळची नाही. ती अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर ती युरोपात गेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्याला लागली. त्याआधी आपला तिखटपणा मिरीचा, पिंपळीचा, आल्याचा, मोहरीचा. मिरीवरूनच मिरची हे नाव पडलं. म्हणजे जनाबाई दळत होती तेव्हा तिच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा नव्हता. आणि तीच मिरची सोळाव्या शतकाच्या शेवटी जपानमार्गे कोरियात गेली. तिथल्या १६१४ च्या एका ग्रंथात तिला जपानी मोहरी असं म्हटलंय. त्याआधीची किमची लाल नव्हतीच. आपला ठेचा आणि त्यांची किमची, दोघींना तिखट देणारी पाहुणी एकच.

आपल्या बायका बाहेर गेल्या तेव्हाचंही एक सांगते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहिल्या, तिथेच ख्रिस्ती झाल्या. धर्म बदलला, तरी ताट बदललं नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांना आईसारख्या असलेल्या सिस्टर जेराल्डीनना हा हट्ट वाटे, जुन्या अभिमानाचं राहिलेलं मूळ वाटे. रमाबाईंनी पत्रांतून ठाम उत्तरं दिली. काय मानायचं आणि काय खायचं हे आपण ठरवणार, असा तो बाणा.

तर नासकी म्हणणाऱ्या मावशींकडे परत. आपण उन्हाळ्यात कुरडया करतो. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी घरभर तो आंबूस वास. कोरियन बाई त्या दिवशी आपल्या घरी आली तर काय म्हणेल? तिच्याकडेही हिवाळ्याच्या तोंडाला शेजारच्या बाया जमतात, ढिगाने कोबी मिठात घालतात, वर्षाची बेगमी करतात आणि एकमेकींच्या घरी वाटतात. त्याला किमजांग म्हणतात. २०१३ मध्ये युनेस्कोने त्याची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. नोंद पदार्थाची नाही, हे लक्षात घ्या. एकत्र करण्याची आणि वाटण्याची आहे.

आपल्या गावात कुरडया गल्लीगल्लीने होतात. कोणत्या गल्लीतल्या बाईने चीक हाटला तर चालतो आणि कोणत्या गल्लीतल्या नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. बैठकीत चहा आला की काहींना नेमका त्याच दिवशी उपास असतो. कुणाच्या घरच्या पिशवीला सुकटीचा वास येतो, कुणाच्या घरच्या भांड्याला आणखी कसला, हे दबक्या आवाजात मी पुष्कळ वेळा ऐकलंय. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरचं जेवण लिहून काढलं, कारण तोवर ते कुठल्याच पाकपुस्तकात आलं नव्हतं. यिजिंग चीनहून आला होता, त्याला आपल्या चुली दिसल्या नाहीत तर समजू शकतं. शेजारच्या गल्लीतली चूल दिसायला किती कोस चालावं लागतं?

आमच्या एका गटाने गेल्या उन्हाळ्यात ठराव केला: विक्रीच्या कुरडया समाजमंदिरात, एकाच पिंपात भिजवलेल्या गव्हाच्या. तीन सदस्या पहिल्या दिवशी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक आली, दारात उभी राहिली. तिसऱ्या दिवशी चीक हाटायला हात कमी पडत होते, तेव्हा तिने पदर खोचला आणि लाटणं हातात घेतलं. बाकीच्या दोघी आल्या नाहीत. यंदा गहू भिजवायची तारीख पुढच्या बैठकीत ठरेल. त्या दोघींनाही निरोप दिलेला आहे.