मूलभूत क्षमता चाचण्या (प्राथमिक शाळा)

प्राथमिक शाळेतील मुलाला वाचता, लिहिता आणि हिशेब करता येतो का, हे सर्व शाळांत एकाच प्रश्नपत्रिकेने, एकाच पद्धतीने आणि एकाच उत्तरसूचीनुसार तपासणाऱ्या चाचण्यांना मूलभूत क्षमतांच्या प्रमाणित चाचण्या म्हणतात. शाळेच्या घटक चाचणीत वर्गशिक्षकच प्रश्न काढतो आणि तोच पेपर तपासतो. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्याच पैठणच्या एका शाळेतले १८ गुण आणि सिल्लोडच्या एका शाळेतले १८ गुण सारखेच आहेत, असे सांगता येत नाही. प्रमाणित चाचणीचे प्रश्न आधी थोड्या मुलांवर आजमावले जातात. फार सोपे, फार अवघड किंवा दोन अर्थ निघणारे प्रश्न गाळले जातात आणि वेळ, सूचना व गुणदान ठरवून दिले जाते.

या चाचण्या स्पर्धा परीक्षांपेक्षा वेगळ्या आहेत. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते ती शिष्यवृत्ती परीक्षा मुलांना क्रम लावते. तिच्यात थोडीच मुले वर येणार हे ठरलेले असते. क्षमता चाचणीत सगळी मुले उत्तीर्ण झाली तरी चालते, किंबहुना तेच अपेक्षित असते. हा फरक पालकांच्या आणि कधीकधी अधिकाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही, आणि मग मदतीसाठी केलेली मोजणी शर्यतीसारखी वापरली जाते.

पूर्वपीठिका : वाचन, लेखन आणि अंकगणित यांच्या तपासणीवर शाळेचे अनुदान ठरवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १८६२ पासून रूढ झाली. तिच्या धर्तीवर ‘निकालानुसार अनुदान’ हे तत्त्व ब्रिटिश हिंदुस्थानातही आले आणि १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी ते उचलून धरले. दिपोटी, म्हणजे शाळा तपासायला येणारा अधिकारी, यायच्या आधी मुलांकडून तेवढेच घोकून घेण्याची खोड तेव्हापासूनची आहे. छत्रपती संभाजीनगर ज्यात येतो तो मराठवाडा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. तो १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेथून पुढे त्याच्या शाळांचा कारभार उर्वरित महाराष्ट्राशी जुळत गेला. बेळगाव-धारवाड भागात व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने चाचणीचे मराठी व कन्नड रूपांतर प्रमाणित केले. ती बुद्धिमापनाची चाचणी होती, तरी प्रश्न आपल्या भाषेतल्या मुलांवर आजमावून घ्यावे लागतात हा धडा तिने घालून दिला. शाळेत काय शिकले जावे याची किमान यादी मात्र १९९० च्या दशकारंभी, आर. एच. दवे समितीच्या ‘किमान अध्ययन पातळी’मुळे देशाला मिळाली.

असर : प्रथम ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. तिने २००५ पासून घेतलेली ‘असर’ पाहणी या क्षेत्रातील सर्वांत परिचित आहे. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यातून ३० गावे आणि गावागणिक २० घरे निवडली जातात. स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला एकट्याला समोर बसवतो आणि अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची गोष्ट यांपैकी कुठवर वाचता येते ते पाहतो. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे, एवढेच असते. देशभरातील ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. करोनाकाळानंतर, २०२२ मध्ये, ती ४२.८ टक्क्यांवर घसरली आणि २०२४ मध्ये जवळपास ४९ टक्क्यांपर्यंत सावरली. पाचवीत बसलेल्या निम्म्या मुलांना आपल्याच पाठ्यपुस्तकाचे पान वाचता येत नाही, असा याचा सरळ अर्थ आहे. असर ग्रामीण पाहणी असल्याने छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गावे तिच्यात येतात, पण शहरातील महापालिकेच्या व खाजगी शाळांतली मुले येत नाहीत.

महाराष्ट्रातील चाचण्या : शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणे थांबले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आणली. तीत वर्गातली रोजची नोंद म्हणजे आकारिक आणि सत्राअखेरची परीक्षा म्हणजे संकलित मूल्यमापन. नोंदवह्या भरू लागल्या, पण सगळ्या राज्यासाठी एक मोजमाप राहिले नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने भाषा आणि गणिताच्या राज्यस्तरीय चाचण्या सुरू केल्या : वर्षारंभी मागील इयत्तांवरची पायाभूत चाचणी, नंतर संकलित चाचणी १ आणि २. करोनानंतर २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आणि त्याला जोडलेल्या चाचण्या आल्या. जागतिक बँकेच्या साहाय्याने सहा राज्यांत राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पात हाच आराखडा २०२३-२४ पासून ‘नियतकालिक मूल्यांकन चाचणी’ या नावाने पुन्हा उभा राहिला. शिक्षकांच्या बोलण्यात ती ‘पॅट’. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी हे तिचे विषय, आणि गुण भरायचे ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर.

केंद्र सरकारचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०१७, २०२१) आणि डिसेंबर २०२४ मधील ‘परख’ सर्वेक्षण निवडक शाळांपुरते असते. ते जिल्ह्याचे चित्र दाखवते, एकेका मुलाचे नाही. दरम्यान २०२३ मध्ये राज्याने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. तीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला फेरपरीक्षेची संधी मिळते आणि त्यानंतर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. क्षमता चाचणीशी तिची गल्लत करू नये.

प्रश्न काय सांगतो : पायाभूत चाचणीचा खरा उपयोग चुकीच्या उत्तरात असतो. ५२ मधून ३८ वजा करायला दिले की अनेक मुले २६ लिहितात. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून ती आठातून दोन वजा करतात आणि मग पाचातून तीन. या मुलाला वजाबाकी येते. दशक सुटा करणे तेवढे येत नाही. शिक्षकाने ही चूक पाहिली तर दोन दिवस काड्या आणि गठ्ठे हातात देऊन ती दूर होते. चॅटबॉटवर मात्र तिथे फक्त शून्य जाते. गुण भरण्याची मुदत पाळण्यात आठवडा गेला आणि उत्तरपत्रिका कपाटात गेल्या, तर चाचणी झाली तरी मुलाच्या पदरात काही पडत नाही. या चाचण्यांवरचा सर्वांत रास्त आक्षेप हाच आहे, आणि तो शिक्षकच वर्षानुवर्षे मांडत आले आहेत.

भाषेची अडचण : एकच प्रश्न अनेक माध्यमांत भाषांतरित केला की तो तेवढाच अवघड राहतो, असे नाही. मराठीत ४७ ला ‘सत्तेचाळीस’ म्हणतात, म्हणजे सात आधी आणि चाळीस नंतर. ऐकून संख्या लिहिताना मूल ७४ लिहिते. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ही अडचण येत नाही. म्हणूनच बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असे वाचन सुचवले. त्यावर मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना त्याचे कारण जाहीरपणे समजावून सांगावे लागले. वाचनाच्या वेगाचेही तसेच. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. हिंदीत ‘पेड़ के नीचे’ हे तीन शब्द, मराठीत ‘झाडाखाली’ हा एकच. दोन्हीकडे ६० मोजणे म्हणजे मराठी मुलाकडून अधिक मागणे होय.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ही अडचण आणखी वाढते. शहरात आणि तालुक्याच्या गावी मराठीच्या जोडीला उर्दू माध्यमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत. कन्नड आणि सोयगाव तालुक्यांकडच्या बंजारा तांड्यांवर घरात गोरमाटी ही बंजारा बोली बोलली जाते आणि पहिलीत आलेले मूल मराठी अक्षराबरोबर मराठी भाषाही नव्याने शिकत असते. त्याचे शब्दवाचन कच्चे दिसले तर दोष अक्षरओळखीचा की भाषेच्या अपरिचयाचा, हे लेखी चाचणीतून कळत नाही. त्यासाठी तोंडी भाग लागतो, आणि तो घेणाऱ्याला मुलाची बोली थोडी तरी यावी लागते.

भाषेखेरीज स्थलांतराचीही अडचण आहे. दिवाळीनंतर मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी बरीच मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. त्यांची पायाभूत चाचणी होते, वर्षअखेरची बऱ्याचदा होत नाही. त्यांच्या नावापुढे ‘गैरहजर’ असा शेरा पडतो. जिल्ह्याची सरासरी या मुलांना वगळून निघालेली असते आणि ती तशीच वाचली पाहिजे.