टर्किश टॉवेल आणि सोलापूर

सोलापूरची चादर सगळ्यांना ठाऊक असते. परदेशी जहाजात मात्र आपल्याकडून टॉवेलही भरपूर चढतात, हे बाहेरगावच्या नातलगांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. २००५-०६ च्या सुमारास चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कायद्यानं ते सोलापूरचे झाले.

गंमत अशी की टॉवेल मुळात आपला नव्हेच! आमच्या लहानपणी घरोघरी अंग पुसायला पंचा असे, सपाट विणीचा. लुसलुशीत टॉवेल कुणाकडे दिसलाच तर मोठी माणसं त्याला 'टर्किश टॉवेल' म्हणत, आणि ते अगदी बरोबर होतं. तुर्कस्तानातलं हे कापड हेन्री ख्रिस्टी या इंग्रजानं पाहिलं आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ख्रिस्टींचे टॉवेल मांडले गेले. युक्ती साधीच. उभे धागे दोन तऱ्हेचे, एक ताणलेला, दुसरा सैल. फणीचा ठोका बसला की सैल धाग्याचे फास वर येतात, आणि पाणी टिपतात ते हे फास.

विणणारेही बाहेरूनच आले. पद्मशाली मंडळी आजच्या तेलंगणातून, तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून, पोटापाण्यासाठी आली. इथे त्यांना हातमाग होतेच, पुढे गिरण्याही मिळाल्या. जुनी मिल १९६३ साली बंद पडली, पण पूर्व भागातली मागांची खटखट थांबली नाही, हातमाग जाऊन यंत्रमाग आले इतकंच. माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पुष्कळ मुलं असायची. 'ताणा-बाणा' हा शब्द मला पुस्तकापेक्षा त्यांनीच नीट समजावला.

तेव्हा परंपरा म्हणजे काय, असा प्रश्न पडतो. वीण तुर्कांची, हात तेलंगणाचे, नाव सोलापूरचं. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट अभिमानच वाटतो. खटकतं ते निराळंच. मानांकनानं नावाला संरक्षण दिलं, पण मागावर आठ-दहा तास उभा राहणारा माणूस अजूनही नगावर मजुरी घेतो, आणि टॉवेलावरच्या चिठ्ठीवर त्याचा उल्लेख कुठेच नसतो.

जुने विद्यार्थी बाजारात भेटतात. बऱ्याच जणांची मुलं पुण्याला नोकरीला आहेत. मागाचं काय, असं एकाला विचारलं, तर हसून म्हणाला, "सर, खटखटीनं माझे कान गेले. पोरांना परत त्यात कशाला घालू?"