डॉ. जी. पी. तलवार यांचे गर्भधारणेच्या रोगप्रतिकारशास्त्रातील संशोधन : एक ऐतिहासिक अवलोकन

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही आरोग्य उपकेंद्रात गर्भधारणेची शंका असलेल्या स्त्रीची लघवी पट्टीवर तपासली जाते व गर्भधारणा निश्चित झाल्यास पुढे तिला धनुर्वातप्रतिबंधक इंजेक्शन दिले जाते. या दोन गोष्टींचा परस्परांशी वस्तुतः काहीही संबंध नाही. तथापि, त्या पट्टीवर ओळखले जाणारे एचसीजी हे संप्रेरक आणि धनुर्वाताचे टॉक्सॉइड यांना रासायनिक बंधाने जोडण्याचा प्रयोग भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. गुरसरन प्राण तलवार यांनी १९७०च्या दशकात दिल्ली येथे केला. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा व त्यातून उद्भवलेल्या विश्वासाच्या प्रश्नाचा विचार करण्यात आला आहे.

गर्भामध्ये निम्मी जनुके पित्याची असतात. म्हणजे मातेच्या शरीराच्या दृष्टीने तो अंशतः परकाच होय. असे असताना माता त्याला नाकारत कशी नाही, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडला. तलवार यांनी विचार केला तो नेमका उलट बाजूने. मातेची प्रतिकारयंत्रणा ज्या एचसीजीला आपलेच मानते, त्याला परके ठरविता येईल काय? गर्भ रुजण्याच्या सुमारास स्वतः हे संप्रेरक निर्माण करतो. त्याच्यामुळे अंडाशयातील पीतपिंड टिकून राहतो व प्रोजेस्टेरॉनचा पुरवठा चालू राहतो. एचसीजी निष्प्रभ झाले तर गर्भ टिकत नाही, मात्र स्त्रीची मासिक पाळी व बीजोत्सर्जन अबाधित राहते.

तलवार यांचा जन्म १९२६ मध्ये हिसार येथे झाला. पॅरिस येथे डी.एस्सी. पदवी संपादन केल्यानंतर ते १९५६ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात रुजू झाले. पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्थेचे संस्थापक-संचालक म्हणून त्यांनी १९९१ पर्यंत काम पाहिले.

एचसीजीचा बीटा उपएकक धनुर्वाताच्या टॉक्सॉइडशी जोडल्यास त्या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, हा निष्कर्ष १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे वर्ष आणीबाणीचे होते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला दुर्लक्षिता येणार नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही एवढेच. तलवार यांचे संशोधन या धोरणातून जन्मलेले नव्हते; त्याची मुळे प्रयोगशाळेत होती. परंतु समाजाने त्याकडे पाहिले ते याच पार्श्वभूमीवर.

सुधारित लशीच्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. १४८ स्त्रियांपैकी ११९ स्त्रियांमध्ये प्रतिपिंडांची पातळी प्रति मिलिलिटर ५० नॅनोग्रॅमच्या वर गेली. ही पातळी असताना १२२४ मासिक चक्रांमध्ये केवळ एक गर्भधारणा झाली. पातळी घटल्यावर जननक्षमता परत येत असल्याचेही दिसून आले. गर्भनिरोधक लस मानवात परिणामकारक ठरू शकते, याचा हा पहिला पुरावा होय. तरीही सुमारे पाचव्या हिश्शाच्या स्त्रियांमध्ये पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली नाहीत, आणि हा आकडा लहान नाही. संरक्षण आहे की नाही हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. दिल्ली-चंदीगडच्या रुग्णालयांत अशी तपासणी नियमित होऊ शकते. झरी-जामणीच्या एखाद्या पाड्यावर ती कोण करणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

स्त्री-आरोग्य चळवळीचे आक्षेप याहून मूलभूत होते. गोळी स्त्री स्वतः बंद करू शकते, तांबी काढून घेता येते; परंतु एकदा जागृत झालेली प्रतिकारशक्ती तिच्या इच्छेने थांबत नाही. शिवाय, लस हे साधन तिच्या नकळत वापरले जाण्याची भीती होती. आणीबाणीचा अनुभव ताजा असलेल्या देशात ही भीती निराधार म्हणता येत नाही.

पुढील काळात या संशोधनाने रेणवीय जीवशास्त्राची वाट धरली. जनुक-अभियांत्रिकीच्या साहाय्याने बीटा उपएकक ई. कोलाय या जिवाणूच्या विषाच्या निरुपद्रवी भागाशी जोडण्यात आला आणि धनुर्वाताचे टॉक्सॉइड मागे पडले. या नव्या लशीची माहिती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. अद्याप ती कुटुंबनियोजन कार्यक्रमात आलेली नाही. जुन्या जोडणीची आठवण मात्र पुसली गेली नाही. २०१४ मध्ये केनियातील कॅथलिक बिशपांनी तेथील धनुर्वात लसीकरणात एचसीजी मिसळल्याचा आरोप केला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी तो फेटाळला. नियमित लसीकरणातील धनुर्वाताच्या लशीत हे संप्रेरक नसते. हे गावोगावी समजावून सांगण्याचे काम मात्र प्रयोगशाळेकडे नव्हे, तर उपकेंद्रातील परिचारिकेकडे येते.