कामत, निशिकांत : चित्रपटांतील सूड आणि हिंसा

निशिकांत कामत (१७ जून १९७० – १७ ऑगस्ट २०२०) हे मराठी व हिंदी चित्रपटांचे दिग्दर्शक आणि अभिनेते. त्यांच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांत अन्याय सोसलेला माणूस कायदा हातात घेतो. कोरियन सूडपटाचा थेट रिमेक करणाऱ्या मोजक्या मराठी दिग्दर्शकांपैकी ते एक होत. सूडाला कोणते दुःख कारणीभूत झाले आणि ते दाखवायला किती वेळ दिला, यावर त्यांच्या चित्रपटांतील हिंसेचा परिणाम अवलंबून असतो.

आरंभीचे चित्रपट : ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) हा कामत यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. बँकेत नोकरी करणारा, नियमाने चालणारा डोंबिवलीकर माधव आपटे (संदीप कुलकर्णी) रोजच्या लहानसहान लबाडीने पिचत जातो आणि एके दिवशी त्याचा संयम सुटतो. हातात क्रिकेटची बॅट घेऊन तो शहरभर हिशेब चुकते करत फिरतो. त्याला एक ठरावीक शत्रू नाही. जादा पैसे मागणाऱ्या दुकानदारापासून निगरगट्ट यंत्रणेपर्यंत सगळेच त्याचे लक्ष्य ठरतात. लोकलमधली रेटारेटी आणि घरातली ओढाताण आधी सविस्तर आल्यामुळे त्याचा पहिला फटका प्रेक्षकाला सुखावतो, पुढचे मात्र अस्वस्थ करतात. जोएल शूमाकर यांच्या ‘फॉलिंग डाऊन’शी (१९९३) या कथानकाचे साम्य समीक्षकांनी दाखवून दिले आहे. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘डोंबिवली फास्ट’ला मिळाला. ‘एवनो ओरुवन’ (२००७) हा त्याचा तमिळ रिमेकही कामत यांनीच केला, त्यात आर. माधवन यांची प्रमुख भूमिका होती.

११ जुलै २००६ च्या मुंबईतील लोकल बॉम्बस्फोटांवरील ‘मुंबई मेरी जान’मध्ये (२००८) रक्त न सांडणारा सूड आहे. बायको-मुलीसमोर मॉलमध्ये अपमान झालेला थॉमस (इरफान खान) हा गरीब चहाविक्रेता मॉलमध्ये बॉम्ब असल्याचे खोटे फोन करू लागतो. पळापळीत एका वृद्धाला हृदयविकाराचा झटका येतो, तेव्हा तो भानावर येतो. ‘लय भारी’ (२०१४) मात्र उघडउघड मसालापट आहे. पंढरपुरात वाढलेला माऊली (रितेश देशमुख) आपल्या जुळ्या भावाच्या खुनाचा बदला घेतो. येथे सूड म्हणजे विठ्ठलाच्या साक्षीने होणारा न्याय, त्यामुळे नायकाला पश्चात्तापाची गरज भासत नाही.

कोरियन सूत्र : दक्षिण कोरियात पार्क चान-वूक यांच्या ‘सिम्पथी फॉर मिस्टर व्हेंजन्स’ (२००२), ‘ओल्डबॉय’ (२००३) आणि ‘लेडी व्हेंजन्स’ (२००५) या चित्रत्रयीने सूडपटाला वेगळे वळण दिले. त्यांत सूड पुरा होतो, पण सूड घेणारा मोकळा होत नाही. ‘ओल्डबॉय’ला २००४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला. किम जी-वून यांच्या ‘आय सॉ द डेव्हिल’मध्ये (२०१०) प्रेयसीच्या मारेकऱ्याला वारंवार पकडून सोडणारा नायक स्वतःच क्रौर्याच्या आहारी जातो.

ली जाँग-बम यांचा ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ (२०१०) त्या मानाने हळवा आहे. गरोदर पत्नी गमावलेला एक माजी गुप्तहेर तारण दुकान चालवत एकटा राहतो. शेजारची दुर्लक्षित मुलगी सोमी अवयवांचा व्यापार करणाऱ्या टोळीच्या तावडीत सापडते, तेव्हा तो तिच्या शोधात निघतो. चित्रपटातील चाकूची झुंज गाजली. पण कथेला कलाटणी मिळते ती एका बारीकशा कृतीने. सोमी टोळीतल्याच एका मारेकऱ्याच्या कपाळावरच्या जखमेला चिकटपट्टी लावते, आणि पुढे तोच तिचा जीव वाचवतो. अखेरीस पोलिसांच्या ताब्यात असलेला नायक वाटेत थांबून तिच्यासाठी दप्तर विकत घेतो.

‘रॉकी हँडसम’ (२०१६) हा ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’चा कामत यांनी केलेला हिंदी रिमेक. कथा गोव्यात घडते. नायक जॉन अब्राहम असून केव्हिन परेरा या खलनायकाची भूमिका कामत यांनी स्वतः केली. मूळ कथानक त्यांनी बहुतांशी जसेच्या तसे ठेवले, तरी येथे मारामारी वरचढ ठरते. नायक आणि मुलगी यांच्यातील जिव्हाळा पुरेसा मुरत नाही, त्यामुळे पडद्यावरचे रक्त ‘डोंबिवली फास्ट’मधल्या बॅटइतके झोंबत नाही.

अखेरचा टप्पा : त्याच वर्षीच्या ‘मदारी’त पूल कोसळून मुलगा गमावलेला निर्मल (इरफान खान) गृहमंत्र्यांच्या मुलाचे अपहरण करतो. त्याला कोणाचाही जीव घ्यायचा नाही; भ्रष्टाचाराची कबुली सर्वांसमक्ष व्हावी, एवढीच त्याची मागणी आहे. रुग्णालयात तो धाय मोकलून रडतो, त्या प्रसंगाने त्याच्या अपहरणाला नैतिक वजन मिळते. ओलीस मुलाशी त्याचे हळूहळू जुळत जाणारे नाते सूडाची धार आणखी बोथट करते. दिग्दर्शक म्हणून कामत यांचा हा शेवटचा चित्रपट. ‘भावेश जोशी सुपरहीरो’मध्येही (२०१८) त्यांनी खलनायक रंगवला. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन : पार्क यांच्या चित्रपटांत सूड घेणाऱ्याच्या अपराधभावाला महत्त्व आहे, कामत यांच्याकडे त्या जागी सामान्य माणसाची हतबलता येते. आपटे, थॉमस आणि निर्मल या तिघांनाही शत्रू संपवण्यापेक्षा कोणीतरी आपली दखल घ्यावी असे वाटते, आणि दखल घेतली जाते ती त्यांनी धाक दाखवल्यावरच.